टोसिलिझुमॅब घेतल्यावर रिपोर्ट वेगळे वाचावे लागतात

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, सीआरपी म्हणजे अंगातली सूज दाखवणारी टेस्ट, डी-डायमर म्हणजे गुठळीचा अंदाज देणारी टेस्ट, हे माझं रोजचं काम, आणि २०२१ मध्ये कोविडचा न्यूमोनिया वाढून मी स्वतःच आयसीयूत जाऊन पोचले. तिथे टोसिलिझुमॅब, म्हणजे शरीराची सूज दाबणारं अँटिबॉडीचं औषध, लागलं, पुढे फुप्फुसात गुठळी निघाली, मग रक्त पातळ करायची इंजेक्शनं, गोळ्या, सगळं झालं. हे लिहायचं कारण म्हणजे या औषधानंतर नेहमीच्या रिपोर्टांचा अर्थच बदलतो आणि घरचे लोक मात्र जुन्याच हिशोबाने आकडे बघून खुश होतात नाहीतर घाबरून जातात. ओळखीतून अजूनही फोन येतात, "ताई, सीआरपी १० वर आला, आता धोका टळला ना?" आणि मला दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागतं, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते.

पहिला आठवडा बहुतेकांचा जातो तसाच गेला, ताप, अंगदुखी, कोरडा खोकला. नंतर ताप उतरतोय असं वाटेपर्यंत पुन्हा चढला आणि ऑक्सिमीटरवर बसून ९४ असलेला आकडा बाथरूमपर्यंत जाऊन आलं की ८८ दाखवायला लागला. भरती झाले तेव्हा डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड सुरू केलं, रोज ६ मिलिग्रॅम, आणि पोटावर एनॉक्सापॅरिनचं इंजेक्शन, ४० मिलिग्रॅम दिवसातून एकदा, गुठळी होऊ नये म्हणून. साधा मास्क पुरेना तेव्हा हाय फ्लो लावला, म्हणजे नाकात जाड नळी आणि त्यातून गरम, दमट ऑक्सिजन एवढ्या जोरात की बोलताना स्वतःचाच आवाज नीट ऐकू येत नाही. पालथं झोपायचं, तास-दोन तास, मान एकीकडे करून. पालथं झालं की आकडा चार-पाचने वर यायचा, म्हणून कितीही नकोसं झालं तरी मी व्हायचे.

स्टिरॉइड चालू असूनही ऑक्सिजन वाढवावाच लागत होता आणि सीआरपी १४८ होता. इथे एक गोष्ट आधीच सांगते. सीआरपी काही लॅब मिलिग्रॅम पर लिटरमध्ये देतात, काही मिलिग्रॅम पर डेसिलिटरमध्ये. ७५ आणि ७.५ हा एकच आकडा आहे. दोन वेगळ्या लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून "अरे वा, १४० वरून १४ वर आला" असं म्हणणारे लोक मी काउंटरवर खूप पाहिलेत, तेव्हा आकड्याच्या पुढचं युनिट वाचल्याशिवाय काहीही ठरवू नका.

त्या संध्याकाळी डॉक्टर पीपीई घालून बेडपाशी आले आणि नवऱ्याला फोन स्पीकरवर घेतला. म्हणाले, "ताई, आता व्हायरसपेक्षा तुमच्या शरीराची प्रतिक्रिया जास्त नुकसान करतीय. ती खाली आणायला एक अँटिबॉडी द्यायचा विचार आहे, टोसिलिझुमॅब. द्यायची असेल तर आत्ता, व्हेंटिलेटर लागून तीन-चार दिवस झाल्यावर देऊन उपयोग नाही." नवऱ्याने लगेच विचारलं, याने बरी होईल का. डॉक्टरांनी जे उत्तर दिलं त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. ते म्हणाले, "शक्यता वाढते. खात्री नाही."

ती शक्यता किती, ते मी नंतर बरी झाल्यावर वाचलं. ब्रिटनमधल्या रिकव्हरी ट्रायलमध्ये ४,११६ पेशंट होते, सगळ्यांचा ऑक्सिजन कमी आणि सीआरपी ७५ किंवा त्याच्या वर. औषध दिलेल्यांपैकी ३१ टक्के लोक २८ दिवसांत गेले, न दिलेल्यांपैकी ३५ टक्के. म्हणजे साधारण २५ जणांना द्यावं तेव्हा एक जास्तीचा माणूस वाचतो. आकडा छोटा वाटतो, पण हजारो पेशंट असतील तेव्हा तो छोटा नाही, आणि तो एक माणूस कुणाचा तरी असतोच. त्यातल्या ८२ टक्के लोकांना स्टिरॉइड चालू होतं हेही महत्त्वाचं, कारण त्याआधीच्या काही ट्रायलमध्ये, उदाहरणार्थ कोव्हॅक्टामध्ये, मृत्यूंच्या आकड्यात फरक दिसला नव्हता आणि तिथे स्टिरॉइड घेणारे बरेच कमी होते. रिमॅप-कॅप नावाच्या दुसऱ्या मोठ्या ट्रायलमध्ये आयसीयूत आल्यावर, श्वासाचा किंवा बीपीचा आधार सुरू केल्यापासून २४ तासांच्या आत हे औषध दिलं होतं आणि तिथे फायदा स्पष्ट दिसला. डॉक्टर "आत्ता" म्हणत होते ते यामुळे. जुलै २०२१ मध्ये डब्ल्यूएचओने गंभीर पेशंटसाठी स्टिरॉइडसोबत हे औषध सुचवलं.

नणंदेने फोनवर विचारलं होतं की अँटिबॉडी तर शरीरच तयार करतं, मग बाहेरून कशाला. हा गोंधळ खूप जणांचा होतो कारण त्या काळात अँटिबॉडी हा शब्द तीन-चार वेगळ्या गोष्टींसाठी चालू होता. एक आपल्या शरीराच्या अँटिबॉडी, व्हायरसविरुद्धच्या. दुसरं ते कॉकटेल, कॅसिरिव्हिमॅब आणि इमडेव्हिमॅब, ते व्हायरसच्या काट्याला चिकटतं, त्याला आजाराच्या सुरुवातीला जास्त अर्थ होता. तिसरा प्लाझ्मा, म्हणजे बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातला अँटिबॉडी असलेला भाग, ज्याचा मोठ्या ट्रायलमध्ये भरती पेशंटना उपयोग दिसला नाही. टोसिलिझुमॅब या तिन्हींत बसत नाही. ते व्हायरसला हातही लावत नाही, ते आपल्याच पेशींवर जाऊन बसतं.

कुठे बसतं तर आयएल-६ च्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवर त्याचा निरोप घेणारी जी जागा असते तिथे. आयएल-६ म्हणजे इंटरल्यूकिन-६, पेशी एकमेकींना "इथे गडबड आहे" असं कळवायला जी प्रथिनं सोडतात त्यातलं एक. हे लिव्हरला पोचलं की लिव्हर सीआरपी बनवतं, रक्त गोठायला लागणारं फायब्रिनोजेन बनवतं, मेंदूकडून ताप चढतो. थोडं असेल तर चांगलंच, पण गंभीर न्यूमोनियात ते थांबतच नाही आणि फुप्फुसातल्या केशवाहिन्यांना सूज येऊन त्या गळायला लागतात. कुलपात आधीच दुसरं काहीतरी घालून ठेवलं की खरी किल्ली आत जात नाही, तसं टोसिलिझुमॅब रिसेप्टर अडवून ठेवतं. आयएल-६ रक्तात असतं पण त्याचा निरोप पोचत नाही.

जपानच्या ओसाका विद्यापीठात तादामित्सु किशिमोतो यांच्या टीमने १९८६ मध्ये आयएल-६ चा जीन शोधला, त्यातून पुढे हे औषध आलं. २००५ मध्ये जपानमध्ये ते कॅसलमन नावाच्या दुर्मिळ आजारासाठी मंजूर झालं, नंतर संधिवातासाठी. २०१२ मध्ये अमेरिकेत रक्ताचा कॅन्सर असलेल्या एका लहान मुलीला कार-टी पेशींचा, म्हणजे तिच्याच पांढऱ्या पेशी बदलून परत द्यायचा, नवा उपचार दिला, त्याने तिच्या शरीरात आयएल-६ भयंकर वाढलं, जगते की नाही अशी अवस्था झाली, तेव्हा हे संधिवाताचं औषध दिलं आणि ती वाचली. कोविड आला तेव्हा डॉक्टरांना हे औषध आठवलं त्यामागे तो अनुभव होता. मला हे वाचून फार बरं वाटलं, म्हणजे कुणीतरी चाळीसेक वर्षांपूर्वी एका प्रथिनाच्या मागे लागलं म्हणून त्या रात्री माझ्या बेडपाशी ती बाटली आली.

द्यायच्या आधी बरंच तपासतात आणि हे तपासलं का हे नातेवाईकांनी विचारलं तर त्यात काही वावगं नाही. मला विचारलं की पूर्वी टीबी झाला होता का, घरात कुणाला होता का. हिपॅटायटिस बी ची टेस्ट केली, कारण प्रतिकारशक्ती दाबली की झोपलेला हिपॅटायटिस उठू शकतो. न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींतला एक प्रकार) आणि प्लेटलेट पुरेसे आहेत ना, लिव्हरचे एन्झाइम फार वाढलेले नाहीत ना. आतड्याचा काही जुना आजार, डायव्हर्टिक्युलायटिस वगैरे, कारण या औषधाने क्वचित आतड्याला भोक पडू शकतं. आणि सगळ्यात मुख्य, आत्ता बॅक्टेरियाचं दुसरं इन्फेक्शन चालू नाही ना. रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ते बघायची टेस्ट, औषधाच्या आधी घेतलं. काही ठिकाणी जंताचं औषधही देतात, स्ट्रॉन्जिलॉइड्स नावाचा जंत स्टिरॉइडमुळे अंगभर पसरू शकतो म्हणून.

वजन विचारलं. डोस किलोमागे ८ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ८००. माझं वजन ७०, म्हणजे ५६०. सिस्टरने ट्रॉलीवर तीन बाटल्या मांडल्या, एक ४०० ची आणि दोन ८० च्या, फ्रिजमधून काढलेल्या, काचेवर बारीक दव धरलेलं. त्यांनी १०० मिलीची सलाइनची पिशवी घेतली आणि आधी त्यातून सिरिंजने २८ मिली सलाइन काढून टाकलं. मी बघत होते, लॅबची सवय, हात कुणाचा कसा चालतो हे बघितल्याशिवाय राहवत नाही. मग २८ मिली औषध, २० आणि चार आणि चार, हळूहळू आत सोडलं आणि पिशवी न हलवता नुसती अलगद उलटी-सुलटी केली, कारण जोरात हलवलं की प्रथिनाचा फेस होतो. आमच्याकडे सीबीसीची ट्यूब अशीच उलटी-सुलटी करतात. दुसऱ्या सिस्टरने येऊन नाव, डोस, बाटल्यांचे नंबर पुन्हा वाचले, दोघींनी सह्या केल्या. ते बघून माझं निम्मं टेन्शन गेलं, खरं सांगते.

एक तास चालतं. आधी अगदी हळू, मग वेग वाढवतात, मधेमधे बीपी, पल्स. मला काहीच झालं नाही, ना थंडी ना पुरळ.

दुसऱ्या दिवशी ताप नाही. त्याच्या पुढच्या दिवशी सीआरपी ५२, मग २३, मग ९. नवरा फोनवर रडला, आनंदाने. दादाने सगळ्या घरच्यांना मेसेज टाकला. आणि डॉक्टर मात्र राऊंडला आले तेव्हा सीआरपीकडे बघितलंच नाही, त्यांनी हाय फ्लोवरचा आकडा बघितला, तो ७० टक्क्यांवरून ६० वर आला होता, एवढंच. म्हणाले, "ताई, सीआरपी कोण बनवतं तुम्हाला माहितीय." आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. लिव्हर बनवतं, आयएल-६ चा निरोप आला की. निरोपच अडवलाय तर सीआरपी पडणारच, आजार कमी झाला असो वा नसो. ताप उतरतो तोही त्यामुळेच. म्हणजे ज्या दोन गोष्टींवरून आपण पिढ्यानपिढ्या माणूस सुधारतोय की नाही हे ठरवतो त्या दोन्ही गोष्टी हे औषध बंद करून टाकतं आणि हा परिणाम काही आठवडे टिकतो.

म्हणून बघायचं काय, तर ऑक्सिजन किती लागतोय. किती लिटर, किती टक्के. श्वास मिनिटाला किती. माणूस पूर्ण वाक्य बोलू शकतोय का. नवऱ्याला मी तेव्हाच सांगितलं, मला आकडे विचारायचे तर हे विचार.

आणखी एक. आयएल-६ ची टेस्ट औषधानंतर करून "वाढला, औषध लागू पडलं नाही" असं समजणारेही भेटतात. औषधानंतर रक्तातला आयएल-६ वाढतोच, कारण तो ज्या रिसेप्टरला चिकटून एरवी नाहीसा होतो ते रिसेप्टर अडवलेले असतात. ते अपयश नाही. मुळात औषध दिल्यावर ती टेस्ट करायचीच गरज नसते.

सीबीसीचंही तसंच. स्टिरॉइडने पांढऱ्या पेशी वाढतात, टोसिलिझुमॅबने न्यूट्रोफिल कमी होऊ शकतात, दोन्ही एकदम चालू असताना १३ हजार आले तर त्यातलं इन्फेक्शन किती आणि स्टिरॉइड किती हे नुसत्या आकड्यावरून सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय.

घरच्यांनी दुसरा डोस मागितला. चुलत दिरांच्या ओळखीत कुणाला दोन दिले होते. १२ ते २४ तासांनी सुधारणा नसेल तर दुसरा देतात, पण माझा ऑक्सिजन थोडा का होईना उतरत होता म्हणून डॉक्टर नाही म्हणाले आणि मला ते पटलं. प्रत्येक जास्तीच्या डोसने प्रतिकारशक्ती आणखी दबते, ती किंमत कारण असल्याशिवाय का मोजायची.

आता गुठळीचं. इथे मला सगळ्यात जास्त लिहायचंय, कारण सूज आणि गुठळी या दोन गोष्टी लोक वेगळ्या समजतात आणि त्या वेगळ्या नाहीत. रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर सुजलं की ते रक्त गोठू नये म्हणून जे काम एरवी करतं ते बंद पडतं. पांढऱ्या पेशींतल्या मोनोसाइट अंगावर टिश्यू फॅक्टर काढतात, ते गोठण्याची साखळी सुरू करतं. न्यूट्रोफिल आपलाच डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात, जंतू पकडायला, हे २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा दाखवलं, आणि त्याच जाळ्यात प्लेटलेट अडकून गुठळी धरते. वर लिव्हर फायब्रिनोजेन ओततच असतं. २०२० मध्ये कोविडने गेलेल्यांची फुप्फुसं सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तर बारीक केशवाहिन्यांतल्या गुठळ्या फ्लूने गेलेल्यांच्या नऊपट जास्त होत्या. म्हणजे हवा आत येतेय पण ती उचलायला रक्तच पोचत नाही.

टोसिलिझुमॅब रक्त पातळ करत नाही, म्हणून एनॉक्सापॅरिन चालूच होतं. घरून प्रश्न आला, मग पूर्ण डोसच का नाही देत, उगाच थोडा थोडा कशाला. याचंही उत्तर तेव्हाच्या ट्रायलमधून आलंय आणि मला ते फार शिकण्यासारखं वाटतं. वॉर्डातल्या, म्हणजे आयसीयूचा आधार न लागलेल्या दोन हजारांहून जास्त पेशंटना हेपरिनचा (एनॉक्सापॅरिन त्यातलंच) पूर्ण डोस दिला तर फायदा झाला. तोच पूर्ण डोस आयसीयूतल्या साधारण अकराशे पेशंटवर बघितला तर फायदा झाला नाही, उलट रक्तस्रावाची जोखीम होती. औषध तेच, आजार तोच, फक्त वेळ पुढे गेलेली. त्यामुळे गुठळी सापडली नसताना मला छोटाच डोस होता.

डी-डायमर रोज पाठवत होते. गुठळीतलं फायब्रिन, म्हणजे गुठळी धरून ठेवणारे धागे, तुटलं की त्याचा जो तुकडा रक्तात येतो तो डी-डायमर. हा सीआरपीसारखा औषधाबरोबर धाडकन पडत नाही. त्याला निळ्या बुचाची ट्यूब लागते, आत रक्त गोठू न देणारं सायट्रेट, आणि रक्त बरोबर रेघेपर्यंत भरायला लागतं, एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त. माझ्या हाताच्या शिरा तोवर संपल्यात जमा होत्या. एका पहाटे रक्त अर्ध्या ट्यूबवर थांबलं, मी नळीतून ओरडूनच म्हटलं, "सिस्टर, रेघेपर्यंत भरा हो, नाहीतर रिजेक्ट करतील." त्या बिचाऱ्या रात्रभर उभ्या होत्या, तरी दुसऱ्या हाताला पुन्हा टोचून पूर्ण भरली. त्यांचं नाव मला माहीत नाही, पीपीईवर पेनाने लिहिलेलं पुसलं होतं.

डी-डायमरचे दोन हिशोब असतात, एफईयू आणि डीडीयू, आणि पहिला दुसऱ्याच्या साधारण दुप्पट येतो. म्हणजे एका लॅबचा १,००० आणि दुसऱ्याचा ५०० हे जवळपास एकच. त्यातून काही नॅनोग्रॅममध्ये देतात, काही मायक्रोग्रॅममध्ये. पेशंट एका हॉस्पिटलमधून दुसरीकडे हलवला की नेमका इथेच घोळ होतो, म्हणून हलवताना आधीच्या लॅबचा पूर्ण कागद, खाली लिहिलेल्या रेंजसकट, सोबत द्या, नुसता आकडा फोनवर सांगू नका.

माझा डी-डायमर ९०० च्या आसपास होता, एफईयूमध्ये. मग २,१०० झाला. आणि एका दुपारी ताप नाही, सीआरपी ६, सगळे रिपोर्ट चांगले आणि मला अचानक दम लागला. पाठीत डाव्या बाजूला श्वास घेताना कळ. पल्स १३४. हाय फ्लो ५५ वर आलेला तो पुन्हा ८०. पोटरी डावी जरा जड वाटत होती सकाळपासून, ते मी राऊंडला सांगितलं होतं आणि डॉक्टरांनी पोटरी दाबून बघितली होती, त्यामुळे धावपळ झाली तेव्हा त्यांच्या मनात गुठळीच पहिली होती. डी-डायमर ६,००० च्या वर आला. सीटी अँजिओला, म्हणजे डाय सोडून रक्तवाहिन्या बघायच्या स्कॅनला, नेलं, ऑक्सिजनचा सिलिंडर, मॉनिटर, चार माणसं. डाय सोडला की घशापासून ओटीपोटापर्यंत गरम लाट जाते, लघवी झाली की काय असं वाटतं, आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागातल्या धमनीत गुठळी होती. हृदयाची इको केली, उजव्या बाजूवर फार ताण नव्हता, म्हणून गुठळी विरघळवायचं जोराचं औषध न देता एनॉक्सापॅरिनचा पूर्ण डोस, ७० मिलिग्रॅम दर १२ तासांनी. आता गुठळी सिद्ध झाली होती, तेव्हा पूर्ण डोस हा तिचा उपचार होता.

पोट निळं-जांभळं झालं टोचून टोचून. पण हळूहळू पल्स शंभराच्या खाली आली, ऑक्सिजन पुन्हा उतरायला लागला, आणि या वेळी मी सीआरपी विचारलाच नाही.

मधे एकदा लघवीच्या नळीतून इन्फेक्शन झालं. ताप ९९ च्या वर गेला नाही, सीआरपी साधारणच, फक्त बीपी खाली यायला लागलं आणि मी संध्याकाळची सकाळ समजून बोलायला लागले. फोनवर नवऱ्याला वाटलं थकलीय. सिस्टरना वाटलं नाही, त्यांनी लगेच डॉक्टरांना बोलावलं, नळी बदलली, लघवी आणि रक्त दोन्हींची कल्चर पाठवली, रिपोर्टची वाट न बघता अँटिबायोटिक चालू केलं आणि नंतर कल्चरप्रमाणे बदललं. हे औषध घेतलेल्या माणसात "ताप नाही म्हणजे इन्फेक्शन नाही" असं म्हणता येत नाही. बीपी, बोलण्यातला फरक, लघवी कमी होणं, अंगात ताकद नसणं, हे बघायचं, आणि शंका आली की कल्चर.

घरी आले ती अपिक्साबॅनच्या, म्हणजे रक्त पातळ करायच्या, गोळ्या घेऊन. तीन महिने. हिरड्यांतून रक्त, काळी शी, डोक्याला मार, यातलं काही झालं तर लगेच यायचं असं कागदावर लिहून दिलं होतं. दुखण्यावरच्या ठराविक गोळ्या स्वतःच्या मनाने घ्यायच्या नाहीत, रक्तस्राव वाढतो. जिवंत विषाणूची लस काही काळ टाळायची. पुढे तपासणी चांगली आली आणि गोळी बंद झाली, दम मात्र जिना चढताना बराच काळ लागत होता.

नंतर या विषयावर मिळेल ते वाचत गेले. मला वाटायचं की गुठळीवर थेट काम करणारी अँटिबॉडी असेल तर किती बरं. क्रिझॅन्लिझुमॅब आहे, सिकल सेलच्या आजारात वापरतात, ती पी-सिलेक्टिन नावाचं चिकटवणारं प्रथिन अडवते म्हणजे प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी अस्तराला चिकटू देत नाही. कागदावर एकदम बरोबर वाटतं, पण कोविडच्या भरती पेशंटवरच्या ट्रायलमध्ये फायदा दिसला नाही. कॅनाकिनुमॅब, आयएल-१ बीटा हे आयएल-६ सारखंच निरोपाचं प्रथिन अडवणारी, तिचंही तेच. रॅव्ह्युलिझुमॅब कॉम्प्लिमेंटचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या प्रथिनांच्या एका साखळीचा, सी-५ अडवते, ती ट्रायल उपयोग दिसत नाही म्हणून मधेच थांबवली. आणि त्याच साखळीतला फक्त सी-५-ए तुकडा अडवणारी व्हिलोबेलिमॅब, तिच्या ३६८ पेशंटच्या ट्रायलमध्ये व्हेंटिलेटरवरच्या लोकांचे मृत्यू कमी दिसले आणि अमेरिकेत एप्रिल २०२३ मध्ये तिला आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली. टोसिलिझुमॅबला तिथे कोविडसाठी पूर्ण मंजुरी डिसेंबर २०२२ मध्ये मिळाली होती. म्हणून "अमुक अँटिबॉडी आणून द्या, कुठूनही" असं म्हणत रात्री-अपरात्री धावणाऱ्या घरच्यांना मी एकच विनंती करते, डॉक्टरांना विचारा की ती कशाला चिकटते, या टप्प्यावर तिचा फायदा दिसलाय का, आणि स्टिरॉइड चालू आहे का. तीन प्रश्न आहेत, दोन मिनिटं लागतात आणि चांगले डॉक्टर उत्तर देतात.

डिस्चार्ज कार्डवर टोसिलिझुमॅबची तारीख आणि डोस लिहिलाय का हेही बघून घ्या. माझ्या कार्डवर होता. महिन्याभरात पोटात दुखलं, खोकला वाढला, काहीही झालं आणि दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर ती तारीख पहिल्यांदा दाखवा, म्हणजे ते नॉर्मल सीआरपी बघून तुम्हाला घरी पाठवणार नाहीत. संधिवातासाठी हे औषध महिनोन्महिने घेणाऱ्यांनाही हेच लागू.

कामावर परत आल्यावर मी आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमशी बोलले. आता आमच्या फॉर्मवर एक जास्तीचा रकाना आहे, गेल्या दोन महिन्यांत टोसिलिझुमॅब किंवा तोच रिसेप्टर अडवणारं सारिलुमॅब घेतलंय का. हो असेल तर सीआरपीच्या रिपोर्टखाली तशी ओळ छापून जाते, आणि पेशंटची तब्येत बरी नाही असं फॉर्मवर लिहिलेलं असून सीआरपी नॉर्मल आला तर मॅडम त्या डॉक्टरांना स्वतः फोन करतात.